घोडं कुठं पेंड खातं

प्रस्तावना

नीरा डाव्या कालव्याच्या अंगानं वसलेल्या माळेगाव, पणदरे, वडगाव निंबाळकर, सणसर किंवा लासुर्ण्यात कुठल्याही गोठ्यावर खुराकाचा विषय काढा. पहिला प्रश्न भावाचा येतो, सरकी पेंड काय भावानं चाललीय? दुसरा मापाचा, लिटरमागं किती घालायची? पेंड गाईच्या तोंडात गेल्यावर पुढं तिचं काय होतं, हा तिसरा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. पेंड गेली, दूध आलं, मधल्या कारभाराशी आपला काय संबंध, अशी एकूण समजूत. ही पुस्तिका त्या मधल्या कारभाराविषयी आहे. पुढच्या प्रकरणांत कोष्टकं आहेत, चाऱ्यांचे आकडे आहेत, मुरघासाची कृती आहे. ती वाचण्याआधी मूळ गोष्ट डोक्यात बसलेली बरी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

मूळ गोष्ट अशी की गाईपुढं टाकलेली पेंड आधी गाय खातच नाही. ती तिच्या पोटातले जिवाणू खातात. त्यांनी खाऊन, मोडून, स्वतःचं अंग वाढवून जे उरतं ते गाईला मिळतं, आणि शेवटी ते जिवाणूच गाईच्या पोटात पचतात. म्हणजे प्रथिनाचे पैसे आपण मोजतो गाईसाठी आणि त्यांचा पहिला मालक होतो जिवाणू. तो ते प्रथिन कामी लावेल की लघवीवाटे गोठ्याच्या गटारात सोडेल, हे त्याच्यासोबत त्याला दुसरं काय खायला मिळालं यावर ठरतं. बहुतेक गोठ्यांत घोडं पेंड खातं ते इथंच.

आधी मुलखाची गोष्ट सांगतो, कारण पोटाचं गणित मुलखाच्या चाऱ्याशी बांधलेलं आहे. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके कागदावर शेजारी असले तरी प्रत्येकाच्या पोटात दोन-दोन तालुके आहेत. कालव्याखालचा पट्टा उसाचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, रेड्याचा नीरा-भीमा, एवढे साखर कारखाने एका दिवसाच्या फेरीत पाहून होतात. सुपे, मोरगाव, उंडवडीकडची बाजू जिरायत, पावसाच्या तोंडाकडं बघणारी. इंदापुरातही उजनीच्या फुगवट्याला लागून पाणी, आणि चार कोस आत गेलं की माळ. कालव्याखाली जनावरांना उसाचं वाढं, मका, लसूण घास. जिरायतीत ज्वारीचा कडबा आणि मिळेल तो पाला. दुधाचा धंदा मात्र दोन्हीकडं सारखा वाढला. बारामतीत १९७१ साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला, पुढं कृषी विज्ञान केंद्र आलं. तिकडं उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफची स्थापना केली आणि संकरित गाईंचं काम गावोगाव नेलं. दोन पिढ्यांत दावणीवरची खिलार कमी झाली आणि काळी-पांढरी होल्स्टिन संकरित गाय आली. गाय बदलली, दूध पाचपट झालं, पण खुराक घालायची पद्धत पुष्कळ ठिकाणी खिलारीच्या काळातलीच राहिली. धारेच्या वेळी घमेलंभर आंबोण पुढं ठेवायचं, आणि मग दिवसभर वाढं.

आता पोटात शिरू. मोठ्या संकरित गाईच्या डाव्या कुशीत शंभर ते दीडशे लिटरचं कोटीपोट असतं. आत एकोणचाळीस अंशांची ऊब, ओल भरपूर, हवा जवळजवळ नाही. गोबर गॅसची टाकी ज्याच्या दारात आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. कोटीपोट ही तशीच टाकी, आणि दोन्हीकडं मिथेन काढणारे सूक्ष्मजीवही एकाच गोतातले. फरक इतकाच की या टाकीचा गॅस गाय ढेकरेवाटे बाहेर टाकते आणि टाकी चालवण्याचं काम दिवसरात्र स्वतः करते. तिथल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय लाखांनी एकपेशी प्राणी, आणि थोडी बुरशी. गाय निवांत बसली असताना तिच्या मानेकडं बघा. डाव्या बाजूनं गोळा वर सरकताना दिसतो, ती तो पन्नास-साठ वेळा चावते, गिळते, आणि काही क्षणांत दुसरा वर येतो. या रवंथात दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ पोटात उतरते. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात, ते पोटातलं आम्ल आवरून धरतात. आम्ल वाढून सामू सहाच्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू हात आखडतात. म्हणून चार गाई बसलेल्या असतील तेव्हा त्यातल्या किती रवंथ करताहेत हे मोजणं, ही बिनपैशाची तपासणी आहे.

चाऱ्यातला तंतू आणि पिष्ट मोडून जिवाणू ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही तीन आम्लं तयार करतात. गाईच्या एकूण ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांतून येतो. ॲसिटिकपासून दुधाची फॅट बनते. प्रोपिऑनिकपासून यकृतात ग्लुकोज, आणि ग्लुकोजपासून दुधातली साखर. हा झाला ऊर्जेचा व्यवहार. प्रथिनाचा व्यवहार याहून गमतीचा आहे. जिवाणू पेंडीतलं प्रथिन तोडून त्याची अमिनो आम्लं करतात, आणि पुष्कळसे तिथं न थांबता ती अमिनो आम्लंही मोडून अमोनिया करतात. मग त्याच अमोनियापासून स्वतःच्या अंगाचं नवं प्रथिन बांधतात. असे वाढलेले जिवाणू चाऱ्याबरोबर पुढं वाहत खऱ्या पोटात जातात. तिथलं आम्ल आणि लायसोझाइम त्यांना फोडतं, आणि लहान आतड्यात गाय त्यांना पचवते. गाईला मिळणाऱ्या अमिनो आम्लांतला निम्म्याहून जास्त भाग असा जिवाणूंच्या अंगातून येतो. पेंडीचं प्रथिन आणि दुधाचं प्रथिन यांच्यामध्ये एक आख्खं पीक उगवतं आणि कापलं जातं, ते आपल्याला दिसत नाही इतकंच.

हे पीक किती खरं आहे ते फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी दाखवून दिलं. हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याच्या पद्धतीसाठी प्रामुख्यानं त्यांना १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज इंदापुरात प्लास्टिकच्या पिशवीत मुरघास दाबणारा प्रत्येक जण त्या घराण्यातला आहे म्हणायला हरकत नाही. उतारवयात त्यांनी याहून धाडसी काम केलं. काही गाईंना त्यांनी प्रथिनाचा कणही दिला नाही. नुसतं शुद्ध स्टार्च, सेल्युलोज, साखर, आणि नायट्रोजनासाठी युरिया व अमोनियमचे क्षार. गाई जगल्या, व्यायल्या, आणि वर्षाला चार हजार किलोपर्यंत दूध दिलं. १९६६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या दुधातलं सगळं प्रथिन जिवाणूंनी खतापासून उभं केलेलं होतं. यावरून कुणी उद्यापासून गाईला युरियावर ठेवू नये. त्या गाईंना हळूहळू, महिनोन् महिने सवय लावली होती आणि खुराकाचा घास न् घास मोजलेला होता. पण प्रथिन म्हणजे पेंडच, हा समज त्या गोठ्यात कायमचा मोडला.

खताचा विषय निघालाच आहे तर पोत्यावर छापलेल्या आकड्याकडं वळू. पशुखाद्याच्या पोत्यावर क्रूड प्रोटीन २० टक्के किंवा २२ टक्के असं लिहिलेलं असतं. हा आकडा प्रथिन मोजून काढलेला नसतो. योहान केल्डाल हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बियर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांनी १८८३ साली धान्यातला नायट्रोजन मोजण्याची रीत बसवली. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनाला सव्वासहानं गुणायचं आणि त्याला प्रथिन म्हणायचं. रीत उत्तम आहे, स्वस्त आहे, जगभर तीच चालते. पण ती नायट्रोजन कुठून आला हे विचारत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. त्याला सव्वासहानं गुणा, २८७ येतात. म्हणजे शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ तीन टक्के ‘प्रथिन’ वाढतं. पशुखाद्याच्या भारतीय मानकात एक टक्क्यापर्यंत युरियाला मुभा देणारी तरतूद आहे. त्यात लबाडी नाही, मोठ्या जनावराचे जिवाणू तेवढा युरिया सहज वापरतात. लबाडी याच पळवाटेतून चीनमध्ये झाली. २००८ साली तिथं लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन सापडलं, ते घातलं होतं तपासणीत प्रथिन जास्त दिसावं म्हणून. आपल्यापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं की २० टक्क्यांच्या दोन पोत्यांत गाईच्या दृष्टीनं दोन वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या असू शकतात. आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरापुढं युरियाचं खाद्य कधीही ठेवायचं नाही. त्याची टाकी अजून पुरती चालू झालेली नसते, तिथं युरिया हे विषच आहे.

आता वाढ्याकडं येऊ. हा या मुलखाचा चारा. कारखान्याची मोळी पडली की बीडकडून आलेल्या टोळ्या फडात उतरतात, आणि ऊस तोडता तोडता वाढ्याच्या पेंढ्या बांधून विकतात. गोठेवाल्याला हिरवागार, स्वस्त, दारात येणारा चारा दुसरा कुठला मिळणार? पण वाढ्यात कोरड्या वजनावर जेमतेम पाच-सहा टक्के प्रथिन असतं. कडब्यात तर तीन-चार टक्केच. तंतू भरपूर, पण तो पचवायला जिवाणूंना नायट्रोजन लागतो आणि तोच नाही. कोटीपोटाच्या रसात अमोनियाचा नायट्रोजन शंभर मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की जिवाणूंची वाढ अडते. हा आकडा सॅटर आणि स्लायटर या अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली दिला आणि अजूनही तो संदर्भाला घेतात. वाढ अडली की चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट रिकामं होत नाही, गाय कमी खाते. मालकाला वाटतं वैरण पुरी झाली, गाय तृप्त दिसतेय. प्रत्यक्षात गाय भरल्या पोटी उपाशी असते.

वाढ्याचा दुसरा दोष ऑक्झॅलेटचा. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पण इथंही एक जिवाणू मदतीला असतो, ऑक्झॅलोबॅक्टर नावाचा, तो ऑक्झॅलेटवरच जगतो. फक्त त्याची वस्ती वाढायला वेळ लागतो. म्हणून हंगाम सुरू झाल्यावर एकदम वाढ्यावर न जाता आठ-पंधरा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवायचं, शिवाय रोज खनिज मिश्रण. जुनी माणसं हे करायचीच, त्यांना जिवाणूचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

ऊस मुळात उलट्या टोकाचा चारा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या छावण्यांत आख्ख्या उसाचे तुकडे जनावरांपुढं पडले होते. उसात साखर म्हणजे जिवाणूंना झटपट ऊर्जा, आणि प्रथिन नावापुरतं. ऊर्जा आहे पण बांधायला माल नाही, अशी ती अवस्था. अशा वेळी थोडासा युरिया आणि गंधक कामाला येतं. साखर आणि युरिया यांची ही जोडी १९६० च्या दशकात क्युबात टी. आर. प्रेस्टन यांनी पद्धतशीर वापरली आणि मळी-युरियावर बैल पोसून दाखवले. आपल्याकडं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं मळी, युरिया आणि खनिजं यांची चाटण वीट काढली, ती त्याच विचारातली. विटेचा मुद्दा असा की जनावर ती चाटतं, खात नाही. युरिया थेंबाथेंबानं पोटात जातो आणि त्याच्याबरोबर साखरही जाते. पाच-पाच साखर कारखान्यांच्या मुलखात ही वीट दर गोठ्यात टांगलेली असायला हवी होती. ती तशी दिसत नाही, याचं मला नवल वाटत आलं आहे. मळीवर राज्य उत्पादन शुल्काचा पहारा असतो हे एक कारण, पण ते पुरेसं नाही.

पेंडींकडं आता नीट बघता येईल. शेंगदाणा पेंडीत चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रथिन, सोयाबीनच्या पेंडीत त्याहून थोडं जास्त, टरफलासकटच्या सरकी पेंडीत बावीस-चोवीस. कागदावर शेंगदाणा पेंड दुप्पट. पण ती कोटीपोटात झटकन विरघळते, तिच्यातलं बहुतेक प्रथिन तास-दोन तासांत अमोनिया होऊन बसतं. सरकी सावकाश मोडते, तिच्यातला बराच भाग जिवाणूंच्या हाती न लागता पुढं आतड्यात जातो. आपल्या भागात सरकीवर लोकांचा जीव आहे तो उगाच नाही, आणि सरकीच्या फॅटचाही त्यात हात आहे. जे प्रथिन जिवाणूंना चुकवून पुढं जातं त्याला बायपास प्रोटीन म्हणतात. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर वाढावी म्हणून फॉर्मल्डिहाइडची हलकी प्रक्रिया देऊन ते मुद्दाम तयार करायला लागले. आणंदच्या दुग्धविकास मंडळानं ती रीत आपल्या पेंडींवर बसवली. पण इंदापूरच्या माळावर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना हे फार आधीपासून साधलेलं आहे. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा झोडून जनावरांपुढं टाकतात. त्या शेंगांतलं टॅनिन प्रथिनाला चिकटतं, कोटीपोटात ते सोडत नाही, आणि खऱ्या पोटातल्या आम्लात सुटतं. शेंगा जास्त झाल्या तर तेच टॅनिन पचन बिघडवतं, हेही मेंढक्याला ठाऊक असतं.

बायपासच्या नावानं महागडी पोती हल्ली गावोगाव येतात. माझं मत विचाराल तर दिवसाला दहा लिटरच्या आतबाहेर असलेल्या गाईला त्यांची गरज नाही. तिला जिवाणूंचं पीकच पुरतं, ते नीट पिकवा. वीस-पंचवीस लिटरच्या गाईला नुकतीच व्यायलेली असताना मात्र ती रक्कम वसूल होते.

पीक नीट पिकवायचं म्हणजे काय, तर अमोनिया आणि ऊर्जा एका वेळी हजर पाहिजेत. पहाटे पाचला दोन किलो भिजवलेली पेंड, तीही धार काढताना, आणि वैरण नऊ वाजता, हा आपला रिवाज. भिजवल्यानं प्रथिन आधीच सुटं झालेलं असतं. सहा-सात वाजता कोटीपोटात अमोनियाचा लोंढा येतो. तेव्हा पिष्ट किंवा साखर नाही, म्हणून जिवाणू तो वापरू शकत नाहीत. अमोनिया पोटाच्या भिंतीतून रक्तात उतरतो. यकृत त्याचा युरिया करतं, त्यालाही गाईची ताकद खर्च होते. थोडा युरिया लाळेतून परत येतो, बाकी लघवीत. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास येतो, त्यात पेंडीच्या पैशाचाही वाटा असतो. तीच पेंड मक्याच्या भरड्याबरोबर, मुरघासात किंवा कुट्टीत कालवून दिवसातून तीन-चारदा दिली की त्याच खर्चात गोष्ट बदलते. मुक्त संचार गोठ्यात हे सोपं जातं, दावणीला बांधलेल्या गाईला मनुष्यबळ जास्त लागतं हे मान्य. आपल्याला कष्ट पडतात म्हणून जिवाणू मात्र वाट बघत थांबत नाहीत.

चांगल्या गोठ्यातसुद्धा खुराकातल्या नायट्रोजनापैकी दुधात उतरतो तो २५ ते ३० टक्के. बाकीचा शेणात आणि लघवीत. पंधरा लिटर दूध देणारी गाय दुधातून अर्ध्या किलोच्या आसपास प्रथिन देते. तिच्या पोटात त्याच्या तिप्पट-चौपट जातं. दुधाच्या उत्पादन खर्चात वैरण-खुराकाचा वाटा सर्वांत मोठा, आणि खुराकात प्रथिन सर्वांत महाग. दुधाच्या दरासाठी रस्त्यावर उतरावं लागतं ते उतरावंच. पण प्रथिनाची ही गळती मंत्रालयात थांबणार नाही.

सुबाभळीची हकिकत या सगळ्यात मला फार आवडते. इंदापूरहून पुण्याला सोलापूर रस्त्यानं जाताना लागणाऱ्या उरुळी कांचनच्या बायफनं सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पाल्यात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिन, दुष्काळात हिरवी, लावली की वाढते. पण तिच्यात मिमोसिन असतं. जास्त खाल्ली की जनावरांचे केस झडतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात हा त्रास फार होता. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ पोटभर खाऊनही ठणठणीत असतात. चारा तोच आणि जनावर तेच, मग फरक पोटात असला पाहिजे. त्यानं हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातला रस ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना पाजला, आणि त्यांचा त्रास थांबला. विष मोडणारा तो जिवाणू पुढं वेगळा काढला गेला, आणि १९९२ साली त्याला जोन्सचंच नाव दिलं, सिनर्जिस्टिस जोन्सी. प्रथिनानं भरलेला चारा खायचा की नाही हे गाईनं नव्हे, एका जिवाणूनं ठरवलं होतं.

कोंबडी आणि डुक्कर यांचं काय, असं पोल्ट्रीवाले विचारतील. बारामती-इंदापुरात ब्रॉयलरची शेडं काही थोडी नाहीत. त्यांचं गणित गाईच्या नेमकं उलटं आहे. गाईचे जिवाणू आतड्याच्या आधी बसलेले, म्हणून ते पुढं पचतात. डुकराचे आणि कोंबडीचे बहुतेक जिवाणू लहान आतड्याच्या पुढं, म्हणून त्यांच्यापर्यंत पोचलेलं प्रथिन जनावराच्या हातून गेलेलंच असतं. तिथं ते कुजतं. अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, क्रेसॉल, आणि शेणाला घाण वास देणारं स्कॅटोल तयार होतं. आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिलांना प्रथिन जास्त झालं की हगवण लागते, कारण कुजक्या प्रथिनावर वाढणारे जिवाणू पोटात जोर धरतात. युरोपात यावर आधी अँटिबायोटिकं देत. वाढीसाठी ती देणं २००६ पासून बंद झालं. मग जस्ताच्या ऑक्साइडचे मोठे डोस आले, तेही जून २०२२ पासून बंद. आता तिथले डुक्करपालक खाद्यातलं एकूण प्रथिन कमी करतात, आणि लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन ही लागणारी अमिनो आम्लं सुटी घालतात. जनावराला हवं ते लहान आतड्यातच शोषलं जातं, मागं जिवाणूंसाठी काही उरत नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात हाच विचार चालतो. तूस ओला राहतो, शेडमध्ये अमोनिया दाटतो, अशा तक्रारीचं एक मूळ कच्च्या, नीट न भाजलेल्या सोयाबीनमध्ये किंवा जादा प्रथिनात असतं. सरकीतलं गॉसिपॉल मोठी गाय कोटीपोटाच्या जोरावर बऱ्याच अंशी निभावून नेते, डुकराला मात्र ते बाधतं. तेव्हा गाईची पेंड उरली म्हणून डुकरांना घालू नये, आणि कोंबडीच्या खाद्याचे नियम गाईला लावू नयेत.

राहिली गोष्ट गाभ राहण्याची. गाय उलटते, तीन-तीन वेळा भरवूनही फळत नाही, ही तक्रार या दोन तालुक्यांत जितकी ऐकू येते तितकी दुसरी कुठली येत नसेल. कारणं अनेक असतात, आणि सगळा दोष खुराकावर ढकलणं चुकीचं आहे. पण रक्तात युरिया जास्त राहिला की गर्भाशयातलं वातावरण बदलतं आणि गर्भ टिकण्याची शक्यता कमी होते, हे पुष्कळ ठिकाणी दिसून आलं आहे. दूध वाढावं म्हणून वाढवलेली पेंड पुढच्या वेताला उशीर करत असेल, तर फायदा कुठं राहिला? उन्हाळ्यात हे जास्त होतं. उष्म्यानं गाय वैरण कमी खाते, रवंथ कमी करते, आणि मालक काळजीनं पेंड वाढवतो. माळेगाव खुर्दला अजैविक ताणावर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या दाराशी राहणाऱ्या आपल्या लोकांनी तरी उन्हाळ्याचा खुराक हिवाळ्यासारखा ठेवू नये. मे महिन्यात पेंड नव्हे, सावली, पाणी आणि पहाटेची वैरण वाढवायची.

पोटातला हा हिशेब बाहेरून तपासायचा कसा? शेण पाहून पुष्कळ कळतं. मक्याचे आख्खे दाणे, लांब तंतू, फेस, पातळपणा, प्रत्येकाला अर्थ आहे, आणि त्याचं प्रकरण पुढं चित्रांसह आहे. पण सर्वांत नेमकी खूण दुधातच असते. रक्तातला युरिया दुधात उतरतो. शंभर मिलिलिटर दुधात साधारण वीस ते पस्तीस मिलिग्रॅम युरिया असेल तर प्रथिन आणि ऊर्जा यांचा मेळ बसलेला आहे. सातत्यानं त्याहून जास्त असेल तर पेंड वाया चालली आहे. फार कमी असेल तर जिवाणू उपाशी आहेत. परदेशातल्या दूध संघांकडून शेतकऱ्याला हा आकडा फॅटच्या शेजारी छापून मिळतो. आपल्याकडं दुधात युरिया तपासतात तो भेसळ पकडायला. शंभर मिलिलिटरला सत्तर मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा ओलांडली की दूध नाकारायचं, एवढाच त्याचा उपयोग. मर्यादेच्या आत किती आला, हे ज्याच्या गाईचं दूध आहे त्याला कुणी सांगत नाही. मोठ्या डेअऱ्यांच्या यंत्रांवर तो आकडा रोज उमटतो आणि तिथंच राहतो.

म्हणून बारामती आणि इंदापूरच्या दूध संघांना आणि खासगी डेअऱ्यांना या पुस्तिकेच्या निमित्तानं एक विनंती आहे. संकलनाच्या चिठ्ठीवर फॅट आणि एसएनएफच्या खाली युरियाचा आकडा छापा. रोज जमत नसेल तर महिन्यातून एकदा, प्रत्येक उत्पादकाच्या नमुन्याचा. आणि उत्पादकांनो, तो छापून येईपर्यंत वाट न पाहता पुढच्या बिलाच्या वेळी संकलन केंद्रावर तो मागा.